सात वाजताचा उजेड

रविवारी संध्याकाळी सात ते आठ संघमित्रा कांबळे रेडिओवर मराठीतून बोलायची. ऑकलंडमधलं एक लहान कम्युनिटी स्टेशन, एएम बँडवरचं, आणि त्यातला आठवड्यातून एकच तास मराठीचा. तिच्याआधी समोअन लोकांचा तास असे, नंतर एका फिजीयन चर्चचा. एरवी ती सिटीतल्या एका बँकेत रिस्क टीममध्ये होती, पापाकुरा या उपनगरातून ट्रेनने जा-ये करायची. "नमस्कार, जयभीम, किया ओरा," अशी तिची सुरुवात ठरलेली, त्यातला शेवटचा माओरी नमस्कार. ऐकणारे बहुतेक मुलांकडे राहायला आलेले आई-वडील. ते फोन करून गाणी सांगायचे, अवोन्डेलच्या संडे मार्केटात शेपू कुठल्या स्टॉलवर मिळाला ते सांगायचे, आणि फोन ठेवताना हमखास तिला जेवायला बोलवायचे.

सबनीसांचा पहिला फोन आला त्याला आता तीन हिवाळे झाले. ते साउथ आयलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून, डोंगरातल्या एका वस्तीवरून बोलत होते. ऑकलंडपासून विमानाने जायचं तर दोन विमानं बदलावी लागतील असं ठिकाण. सुधाकर सबनीस, कोळशाच्या खाणीत इंजिनियर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. बायको जोन तिकडचीच, ती वारली. मूलबाळ नाही. एका संध्याकाळी ऑस्ट्रेलियातल्या क्रिकेटचं स्टेशन शोधताना काट्याखाली अचानक मराठी आलं, म्हणाले. खाणीत लागल्यापासून कोणाशी मराठी बोललोच नव्हतो, आधी वाटलं आपल्याला भास होतोय.

इतक्या लांब आपला आवाज जातो याचं संघमित्राला फार अप्रूप वाटलं. तिचा नवरा जयवंत इलेक्ट्रिकल इंजिनियर, नागपुरात कॉलेजात असल्यापासून त्याला लांबची स्टेशनं पकडायचा नाद. त्याने तिला समजावून सांगितलं. दिवसा उन्हामुळे आकाशातला एक थर एएमच्या लहरी पिऊन टाकतो, त्यामुळे त्या जमिनीलगत जेवढ्या जातील तेवढ्याच. अंधार पडला की तो थर विरतो आणि लहरी त्याच्यावरच्या थराला आपटून शेकडो किलोमीटर लांब जाऊन उतरतात. हिवाळ्यात सात वाजता दोन्हीकडे काळोख असतो, म्हणून सबनीसांना ती ऐकू येते. सप्टेंबरच्या शेवटी उन्हाळ्यासाठी देशभरची घड्याळं एक तास पुढे गेली की सात वाजता बाहेर उजेड असणार. मग संपलं. एप्रिलमध्ये घड्याळं मागे येतील तेव्हा पुन्हा सुरू.

तसंच झालं. घड्याळं बदलली त्या रविवारी सबनीसांना शेवटचं गाणं तेवढं ऐकू आलं, आणि त्यानंतर सहा महिने काही नाही. इंटरनेटवर पण लागतो आमचा प्रोग्रॅम, असं तिने त्यांना सांगून पाहिलं होतं. कॉम्प्युटर जोनचा होता, ती गेल्यावर देऊन टाकला, असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला.

पण या अप्रूपाला एक काटा होता. पहिल्याच फोनवर त्यांनी तिचं आडनाव विचारलं होतं. तिने सांगितलं. पलीकडे क्षणभर काहीच आवाज आला नाही, आणि मग ते रिसेप्शनबद्दल बोलायला लागले. लाइन खराब असेल, असं ती स्वतःला म्हणाली, पण ती शांतता कसली ते तिला लहानपणापासून माहीत होतं. नंतर ते दर रविवारी कार्यक्रम संपल्यावर फोन करू लागले आणि तिचं मराठी सुधारू लागले. आज दोनदा 'आनि' म्हणालात. 'मी तुमची मदत करते' असं नसतं, 'मी तुम्हाला मदत करते'. आवाज सौम्य असायचा आणि चुका खऱ्या असायच्या, म्हणून तिला काही बोलताही यायचं नाही. घरी येताना गाडीत ती गप्प असली की जयवंत विचारायचा, आज मास्तरांचा फोन आला होता का. ती विषय बदलायची. सप्टेंबर संपत आला की तिला हलकं वाटायचं. हे तिने जयवंतलाही कधी सांगितलं नाही.

या वर्षी घड्याळं बदलायच्या आदल्या रविवारी सबनीसांचा फोन आला नाही. आधीच्या दोन्ही वर्षी त्या दिवशी त्यांनी आठवणीने फोन केला होता, आता एप्रिलमध्ये भेटू म्हणून. संघमित्राने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा जयवंतने लॅपटॉप उघडून तिला आलेख दाखवले. सूर्यावर मोठं वादळ झालं होतं, साउथलंडमध्ये लोकांनी आकाशातल्या लाल-हिरव्या उजेडाचे फोटो काढून फेसबुकवर टाकले होते. अशा वेळी दक्षिणेकडचे सिग्नल मरतात, तो म्हणाला. त्याला ऐकूच आलं नसणार, मग फोन कशाला करेल. पुढच्या रविवारी घड्याळं बदलली आणि प्रश्नच मिटला. सात वाजता स्टुडिओच्या खिडकीतून लख्ख ऊन आत येत होतं. आता एप्रिलपर्यंत सबनीस नाहीत. नेहमीसारखंच.

ऑक्टोबरच्या शेवटी लेबर डेच्या लाँग वीकेंडला स्टेशनच्या मास्टचं, म्हणजे प्रक्षेपणाच्या उंच खांबाचं, काम निघालं. टेक्निशियन वर चढणार म्हणून रविवारी संध्याकाळी ट्रान्समीटर बंद ठेवला आणि सगळे कार्यक्रम दोन तास पुढे ढकलले. मराठीचा तास नऊ वाजता लागला. निघताना जयवंतच संघमित्राला म्हणाला, आज मास्तरांना ऐकू येईल बघ, नऊला तिकडेही अंधार असतो. तो घरी त्याचा रेडिओ लावून बसला. कार्यक्रम अर्ध्यावर असताना त्याने तिला मेसेज केला: आज बँड मस्त उघडलाय, मेलबर्न शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं येतंय.

माइकवर काही वेगळं सांगायचं नाही असं संघमित्राने ठरवलं होतं. तरी शेवटच्या गाण्याआधी ती म्हणाली, "आज खूप लांबचे श्रोतेही ऐकत असतील, त्यांनी जरूर फोन करावा." एक फोन आला, माउंट रॉस्किलच्या एका आजींचा. कार्यक्रम इतका उशिरा ठेवला तर म्हातारी माणसं ऐकणार कशी, असं त्यांनी रागावून विचारलं. त्यानंतर ती फोनसमोर बसून राहिली. फिजीयन चर्चचे लोक गिटारी घेऊन आत आले तेव्हा उठली.

घरी जयवंत हॉलमध्ये रेडिओ बंद करून बसला होता. तिने नकारार्थी मान हलवली.

"ऐकू आलं असणार त्याला," जयवंत म्हणाला. "आज न ऐकू यायला काही कारणच नव्हतं."

पाच आठवडे दोघांजवळ एक कारण होतं, पटणारं आणि खरं. ते असं एका वाक्यात गेलं.

सोमवारी सुट्टी होती. स्टेशनच्या फोनमधून संघमित्राने सबनीसांचा नंबर काढला आणि सकाळपासून चार-पाच वेळा लावून पाहिला. घंटा वाजत राहायची आणि आपोआप बंद व्हायची. तीन हिवाळ्यांत आपण या माणसाला स्वतःहून एकदाही फोन केला नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. शेवटी तिने पोलिसांच्या साध्या चौकशीच्या नंबरवर फोन करून सांगितलं की एक म्हातारा माणूस एकटा राहतो आणि त्याचा काही पत्ता नाही. तुम्ही त्यांच्या कोण, असं तिकडून विचारलं. रेडिओवरची ओळख, असं ती म्हणाली.

दुपारी ग्लेनिस नावाच्या बाईचा फोन आला. ती सबनीसांची शेजारीण, पोलिसांनी तिला संघमित्राचा नंबर दिला होता. सुधाकरचं तिने सड केलं होतं. सप्टेंबरात एका सकाळी ती त्याच्याकडे अंडी द्यायला गेली तर सड स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेला होता. स्ट्रोक. हॉस्पिटलमध्ये ठेवलं, जीव वाचला, पण डोकं गेलं बिचाऱ्याचं. आता केअर होममध्ये आहे, स्मृतिभ्रंश झालेल्या लोकांच्या कुलूपबंद विभागात. एक शब्द धड बोलत नाही, नुसती काहीतरी बडबड करतो आणि आपल्याला कळलं नाही की चिडतो. ग्लेनिसला बोलता बोलता रडू आलं.

संघमित्राने तिला विचारलं, बडबड म्हणजे कशी.

ग्लेनिस म्हणाली, कशी म्हणजे, शब्दच नाहीत ते.

तिने ग्लेनिसला एक विनंती केली. पुढच्या वेळी त्याला भेटायला जाल तेव्हा मला फोन लावा आणि त्याच्या कानाला धरा.

तो फोन बुधवारी आला. संघमित्रा बँकेत मीटिंगमध्ये होती, ती उठून जिन्यात गेली. पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता, भांड्यांचा येत होता. मग जड श्वास ऐकू आला. तिने हळूच नमस्कार केला आणि म्हणाली, मी संघमित्रा, रेडिओवरची.



"रेडिओ," सबनीस म्हणाले. शब्द ओला आणि तुटका होता, पण कळत होता. "रेडिओ... माणूस."

"हो काका. मीच."

"वेडा... नाही. मी नाही. सांग. ह्यांना सांग."

संघमित्रा जिन्याच्या पायरीवर बसली. तिने विचारलं, ते लोक काय बोलतात ते कळतं का तुम्हाला. "आवाज," ते म्हणाले. "नुसता आवाज. शब्द नाही." मग ते रडायला लागले, आणि ग्लेनिसने घाबरून फोन काढून घेतला.

स्ट्रोकने त्यांचं इंग्रजी पुसून टाकलं होतं. अर्धं आयुष्य ज्या भाषेत नोकरी केली, संसार केला, ती गेली होती, बोलायची पण आणि समजायची पण. मराठी मात्र मोडकीतोडकी उरली होती. असं होऊ शकतं, हे केअर होमच्या डॉक्टरांना माहीत होतं. फाइलवर जन्मस्थान भारत असं वाचून त्यांनी फोनवरून हिंदी दुभाषी बोलावलाही होता. सबनीसांनी त्या दुभाष्याला मराठीत काहीतरी तोंडातल्या तोंडात सांगितलं, तो पुन्हा पुन्हा हिंदीत विचारत राहिला, आणि शेवटी सबनीसांनी फोन भिरकावला. दुभाष्याने कळवलं, यांच्या बोलण्याला अर्थ लागत नाही. तेच फाइलवर गेलं. संघमित्राने केअर होमला फोन करून ते मराठी बोलतायत असं कळवलं, तेव्हा हे सगळं डॉक्टरांनी तिला स्वतः सांगितलं. डॉक्टर शांत स्वभावाचे होते, माफी मागताना त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

नोव्हेंबरात ती पहिल्यांदा तिकडे गेली. जयवंत म्हणाला मी पण येतो, ती नको म्हणाली. विमानात ती स्वतःला विचारत होती की आपण का चाललोय. नातं नाही. लळा होता असंही म्हणता येत नाही. ते आडनाव सांगितल्यावरची शांतता ती विसरली नव्हती. पण आधी हॉस्पिटलात आणि मग त्या बंद दाराच्या विभागात पाच आठवडे एक माणूस मराठीत हाका मारत होता आणि त्याच वेळी ती ऑकलंडमध्ये सुटल्यासारखी झाली होती, हेही तिला विसरता येत नव्हतं.

रेडिओवरच्या आवाजावरून तिने उंच, करारी माणूस डोळ्यासमोर आणला होता. सबनीस लहानसे होते, उजवा हात मांडीवर पडलेला, कोणीतरी घातलेला मोठ्या मापाचा स्वेटर अंगात. ती बोलायला लागली तसे ते तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले. अर्ध्या तासाने त्यांना इतकी झोप आली की मानच खाली गेली. नर्स म्हणाली, इतका वेळ शांत बसलेला हा पहिल्यांदाच पाहिला.

त्यांना त्या विभागातून हलवलं. क्राइस्टचर्चहून स्पीच थेरपिस्ट व्हिडिओवर येऊ लागली, आणि ऑकलंडच्या मराठी मंडळातल्या कांचन आणि अनुराधा या दोघींनी संघमित्राबरोबर पाळी लावून त्यांच्याशी रोज थोडं बोलायचं ठरवलं. इंग्रजी शब्द एकेक करून परतले. टी. डोअर. नो. नो सगळ्यात जास्त. कधी कधी शब्दांची अदलाबदल व्हायची. चमच्याला किल्ली म्हणायचे, नर्सला 'डबा' म्हणून हाक मारायचे आणि चूक कळली की कपाळावर डावा हात मारून घ्यायचे. एक वाक्य मात्र पहिल्या आठवड्यापासून न चुकता यायचं: घरी जायचंय.

डिसेंबरात डॉक्टरांनी त्यासाठी बैठक बोलावली, संघमित्राही तिकडे गेली. सबनीसांनी कुठे राहायचं ते त्यांनी स्वतः ठरवावं, इतकी त्यांची समज शाबूत आहे का, हे डॉक्टरांना लिहून द्यायचं होतं. घर चढावर, एकटं, उजवा हात जवळजवळ निकामी. दिवसातून दोनदा मदतनीस मिळाली असती, ग्लेनिस जवळ होती, पण रात्री कोणी नाही. ऑकलंडहून फोनवर मराठी दुभाषी मिळवली होती; पण फोनवरचा अनोळखी आवाज सबनीसांना झेपेना, ते मान फिरवून बसले. मग डॉक्टरांनी नाइलाजाने संघमित्राकडे पाहिलं. तिला त्यांनी बजावलं की तो जे म्हणेल ते जसंच्या तसं सांगा, अर्थ लावू नका, मदत करू नका. ती हो म्हणाली.

डॉक्टरांनी विचारलं, घरी पडलात तर काय होईल.

"पडेन," सबनीस म्हणाले. "पडलो तर... पडलो. इथे रोज पडतो. बसून पडतो."

तिने तसंच सांगितलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं. औषधं कोण देईल, गॅस कोण बघेल, असं एकेक विचारत गेले. सबनीस थांबत, शब्द शोधत उत्तरं देत होते. ती उत्तरं बरोबर होती. मग डॉक्टरांनी शेवटचा प्रश्न विचारला. रात्री एकटं असाल, काळोखात उठावं लागलं तर काय कराल.

सबनीसांनी थोडा विचार केला.

"आईला सांगतो," ते म्हणाले. "आई दिवा ठेवते. बाहेर."

खोलीत सगळे संघमित्राकडे बघत होते. तिच्या डोळ्यासमोर चमचा आला, किल्ली आली, डबा आला. शेजारीण असा शब्द हवा होता आणि आई आला, असंच असणार. सबनीसांचा चेहरा शांत होता, डोळ्यात हरवल्यासारखं काही नव्हतं. पण त्यांनी कपाळावर हात मारला नव्हता. चूक झाली की मारायचे. तिने वाट पाहिली, त्यांनी मारला नाही.

"तो म्हणतो, ग्लेनिसला सांगेन," ती इंग्रजीत म्हणाली. "ती बाहेरचा दिवा चालू ठेवते."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि पेन बंद केलं.

नाताळच्या आदल्या आठवड्यात सबनीस घरी गेले. संघमित्राने सुट्टी काढली आणि भाड्याच्या गाडीतून त्यांना नेलं. पाऊस नुकताच थांबला होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ओले नेचे गाडीला घासत होते. ग्लेनिस गमबूट घालून फाटकातच उभी होती. सबनीसांना उतरायला वेळ लागला. ग्लेनिसने त्यांना आधार दिला, तशी त्यांनी तिच्या खांद्यावर डावा हात ठेवला आणि स्वच्छ म्हणाले, "आई."

ग्लेनिसला वाटलं ते थँक्यू म्हणतायत. "यू आर वेलकम, सड," ती म्हणाली आणि त्यांची बॅग उचलून पुढे गेली.

संघमित्रा गाडीच्या दाराला धरून उभी राहिली. म्हणजे तेव्हाही त्यांना ग्लेनिसच म्हणायचं होतं. किंवा तेव्हाही आणि आत्ताही त्यांना आईच दिसत होती. दोन्ही गोष्टी तिला सारख्याच खऱ्या वाटल्या आणि विचारायची हिंमत झाली नाही.

घरी आल्यावर तिने जयवंतला सांगितलं. तो लगेच म्हणाला, तू बरोबर केलंस, संदर्भावरून कोणालाही कळलं असतं. मग थोड्या वेळाने भांडी पुसता पुसता म्हणाला, "मी पण तेच केलं होतं ना सप्टेंबरात. संदर्भ लावला." तो हसत नव्हता.

उन्हाळ्यात रेडिओचा उपयोग नव्हता. दिवस इतका मोठा की तिकडे साडेनवापर्यंत उजेड. कार्यक्रम रात्री दहाला करता येईल का, असं तिने स्टेशनच्या मॅनेजरला विचारूनही पाहिलं, पण तेव्हा दुसऱ्यांचे तास होते, आणि माउंट रॉस्किलच्या आजींचंही काही चूक नव्हतं. ती फोनच करत राहिली. काही दिवशी सबनीस पाच-सहा वाक्यं बोलायचे, काही दिवशी चिडून रिसीव्हर आपटायचे. एकदा त्यांनी तिला 'ताई' म्हटलं. तो शब्द खरा की चुकून आलेला, यावर ती दिवसभर विचार करत राहिली आणि मग स्वतःवरच वैतागली.

फेब्रुवारीत ते न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण सकाळी मदतनीस येईपर्यंत तिथेच गारठून पडून होते. बातमी द्यायला डॉक्टरांनी फोन केला तेव्हा त्यांनी तिला कसलाच दोष दिला नाही. असं कधीतरी होणारच होतं, आपण सगळ्यांनी ते गृहीत धरलं होतं, ते म्हणाले. फोन संपत आला होता. संघमित्रा म्हणाली, एक मिनिट, मला काही सांगायचंय. आणि तिने बैठकीतला तो शब्द सांगितला, सबनीसांनी जसा उच्चारला होता तसा, आणि मग त्याचा अर्थ.



तिने विचारलं, तेव्हा मी आई म्हटलं असतं तर तुम्ही काय केलं असतं.

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण ते मी ठरवायचं होतं."

ती हो म्हणाली.

मार्चमध्ये पुन्हा तपासणी झाली. या वेळी क्राइस्टचर्चहून मृदुला नावाची मराठी दुभाषी स्वतः गाडी चालवत सबनीसांच्या घरी गेली, आणि संघमित्राला त्यात घेतलं नाही. तिला ते योग्यच वाटलं, तरी तो दिवस तिने बँकेत काहीच काम न करता काढला. संध्याकाळी ग्लेनिसने कळवलं की सड घरीच राहणार, रात्रीसाठी गळ्यात अडकवायचं घंटेचं बटण दिलंय आणि ते त्याने दोनदा काढून फेकलंय.

पुढच्या फोनवर संघमित्राने त्यांना सरळ विचारलं. "काका, त्या बैठकीत तुम्ही आई कोणाला म्हणालात? दिवा ठेवते म्हणालात ती?"

पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता. आडनाव सांगितल्यावर गेली होती तशीच क्षणभर शांतता गेली. पण ती कसली आहे, ते या वेळी तिला ओळखता आलं नाही.

"नाही माहीत," सबनीस म्हणाले. "मलाच... नाही माहीत. तू काय सांगितलंस?"

"मी ग्लेनिस म्हटलं."

"हं." पुन्हा थांबले. "घरी आहे मी."

मग दारावर मदतनीस आली असावी, त्यांनी कोणाला तरी इंग्रजीत थांब म्हटलं, एकच शब्द, पण नीट. तिला म्हणाले, बाई आली, आंघोळ. फोन त्यांनी ठेवला नाही, नुसता बाजूला ठेवून दिला. संघमित्राला त्या घरातले आवाज येत राहिले. खुर्ची सरकली, नळ सुरू झाला, ती बाई मोठ्याने काहीतरी विचारत होती आणि सबनीस तिला नो म्हणत होते. संघमित्रा थोडा वेळ ऐकत बसली, मग तिने तिच्या बाजूने फोन बंद केला.